द्विभाषिक मुलांमधील भाषाविकार आणि कथाकथन

श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता किंवा असे दुसरे कारण नसताना मुलाची भाषा वयाच्या मानाने कायम मागे राहणे, याला विकासात्मक भाषाविकार म्हणतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात आणि इंग्लंडमध्ये शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांच्या पाहण्यांत त्याचे प्रमाण सुमारे ७ टक्के आढळले. दोन भाषा बोलल्याने हा विकार होत नाही. पण तो असलाच, तर दोन्ही भाषांत दिसतो.

खरी अडचण निदानात येते. कानावर कमी पडलेल्या भाषेत निरोगी मूलही अडखळते, व्याकरण चुकवते. एकभाषिक मुलांवर बेतलेल्या चाचण्या त्यालाही विकार ठरवू शकतात. अशा वेळी गोष्ट सांगायला लावणे उपयोगी पडते.

२००९ ते २०१३ या काळातील युरोपीय संशोधन प्रकल्पातून ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी ‘मेन’ ही चाचणी तयार झाली. ती २०१२ मध्ये बर्लिनहून प्रसिद्ध झाली. तीत सहा-सहा चित्रांच्या चार गोष्टी आहेत. एकीत पक्षीण भुकेल्या पिल्लांसाठी खाऊ आणते, मांजर झाडावर चढून पिल्लू धरते, कुत्रा मांजराची शेपटी ओढून त्याला पळवून लावतो. चित्रे फक्त मुलालाच दिसतात, त्यामुळे त्याला ऐकणाऱ्यासाठी सगळे उलगडून सांगावे लागते.

तपासणी दोन पातळ्यांवर होते. एक गोष्टीच्या सांगाड्याची : कोणाला काय हवे होते, त्याने काय केले, शेवटी काय झाले. ही समज बऱ्याच अंशी एका भाषेतून दुसरीत जाते. दुसरी शब्दसंपत्ती, वाक्यरचना, व्याकरण यांची. ती प्रत्येक भाषेची वेगळी. मराठीत ‘मांजराने पिल्लू पकडलं’ म्हणताना ‘ने’ लागतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी ‘पिल्लू’प्रमाणे चालते. मूल ‘मांजर पिल्लू पकडला’ म्हणाले, तर तेवढ्यावरून विकार ठरत नाही. मराठी कमी ऐकल्यानेही तसे होते. मांजर झाडावर का चढले, हे त्याला दुसऱ्या भाषेत नीट सांगता येते का, ते पाहावे लागते.

संशोधनाचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. इंग्रजी-हिब्रू बोलणाऱ्या बालवाडीतील मुलांच्या अभ्यासांत भाषाविकार असलेली मुले सांगाड्यात फारशी मागे नव्हती. फरक मुख्यतः शब्द आणि व्याकरणात दिसला. इतर काही अभ्यासांत पात्रांचे हेतू आणि घटनांची कारणे जोडण्यातही ती कमी पडली. त्यामुळे गोष्टीच्या एकूण गुणांवर विसंबणे धोक्याचे वाटते. अनुभवी चिकित्सक चित्रे सांगून झाल्यावर ‘मांजराला काय वाटलं?’, ‘कुत्र्याने असं का केलं?’ असे विचारतात, कारण जे बोलता आले नाही तेही मुलाला समजलेले असू शकते.

घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाची तपासणी केवळ शाळेच्या भाषेत झाली, तर चित्र अर्धेच मिळते. ‘घरची भाषा बंद करा’ हा पालकांना अजूनही दिला जाणारा सल्ला संशोधनाला धरून नाही. त्याने विकार कमी होत नाही आणि आजीशी बोलायची भाषा मात्र मुलाकडून सुटते.