विदर्भ राज्याची मागणी

महाराष्ट्राच्या पूर्वेकडचे अकरा जिल्हे वेगळे काढून त्यांचे स्वतंत्र राज्य करावे, ही मागणी. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे नागपूर विभागातले सहा, तर अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे अमरावती विभागातले पाच जिल्हे मिळून विदर्भ होतो. क्षेत्रफळ सुमारे ९७ हजार चौ. किमी., म्हणजे राज्याच्या एक-तृतीयांशाहून थोडे कमी. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या २ कोटी ३० लाखांच्या आसपास भरली. विधानसभेच्या २८८ पैकी ६२ आणि लोकसभेच्या ४८ पैकी १० जागा विदर्भात आहेत.

ही मागणी महाराष्ट्र राज्याहून वयाने मोठी आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने स्वतंत्र महाविदर्भ प्रांताचा ठराव केला तो १९३८ साली. महाराष्ट्र अस्तित्वात आला १९६० मध्ये. हा क्रम लक्षात घेतला नाही, तर हा सगळा वाद घर फोडण्याचा वाटतो. विदर्भ महाराष्ट्रात आला तो लेखी अटी ठरवून. त्या अटी पाळल्या गेल्या की नाही, हा या वादाचा गाभा आहे; बाकीचे बरेचसे मुद्दे त्याच्या आजूबाजूने येतात.

नागपूर आणि वऱ्हाड

विदर्भ आज एका दमात म्हटला जात असला तरी त्याचे दोन भाग वेगवेगळ्या वाटांनी आले. पूर्वेकडचा भाग नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी १८५३च्या डिसेंबरात वारले आणि दत्तक वारस नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनले. पश्चिमेकडचे वऱ्हाड निजामाचे. निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी ते १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने घेतले गेले आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले.

वऱ्हाड कापसाचे आणि काळ्या कोरडवाहू जमिनीचे. वैनगंगेकडची झाडीपट्टी भाताची, तळ्यांची आणि जंगलाची. वऱ्हाडची बाजारपेठ कापसामुळे मुंबईशी बांधलेली, तर नागपूरचा संबंध जबलपूर-रायपूरकडे अधिक. या दोन भागांतले अंतर अजून मिटलेले नाही. राज्य झाले तर मुंबईऐवजी नागपूर आपल्यावर बसेल, ही धास्ती अमरावती-अकोल्यात जुनी आहे. मागणीला संपूर्ण विदर्भाचा एकमुखी पाठिंबा कधी दिसला नाही, त्यामागचे एक मोठे कारण हे.

मध्य प्रांतात हिंदी भाषक जिल्ह्यांचे संख्याबळ जास्त होते. मराठी जिल्ह्यांना वेगळे व्हायचे होते ते तिथून. लोकनायक बापूजी अणे, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी या नेत्यांना महाविदर्भ हवा होता. मराठी भाषकांचे एकच राज्य मागणाऱ्यांना विदर्भ महाराष्ट्रात हवा होता. दोघांची तडजोड ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात झाली. एका प्रांतात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, हे त्याचे सार. तो अमलात आला नाही.

नागपूर करार

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपुरात दुसरा करार झाला. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील आदींच्या सह्या असलेला हा अकरा कलमांचा मजकूर आजही आंदोलनाच्या प्रत्येक व्यासपीठावर वाचून दाखवला जातो. मुंबई राजधानी राहील आणि नागपूरचे महत्त्व उपराजधानी म्हणून जपले जाईल. उच्च न्यायालयाचे पीठ नागपुरात असेल. विकासाचा खर्च, सरकारी नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणाच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतील. आणि दरवर्षी ठरावीक काळ सरकार अधिकृतपणे नागपूरला मुक्कामी येईल, विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तिथे होईल.

करार पक्षनेत्यांमधला होता. न्यायालयात नेऊन त्याची अंमलबजावणी करून घेता येत नाही, हे सह्या करणाऱ्यांनाही ठाऊक असणार. त्यातली निधीची बाजू १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) मध्ये आली: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे आणि निधीच्या न्याय्य वाटपाची राज्यपालांवर विशेष जबाबदारी. प्रत्यक्ष मंडळे झाली १९९४ मध्ये. तरतुदीपासून मंडळापर्यंत जवळजवळ चार दशके गेली, आणि विदर्भातल्या माणसाच्या मनातला अविश्वास समजून घ्यायला हे एवढे एक उदाहरण पुरते.

दरम्यान फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा या तेव्हाच्या आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य करावे, ते आर्थिकदृष्ट्या आपल्या पायावर उभे राहू शकेल, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषावार राज्यांवरच्या आपल्या पुस्तकात ‘एक राज्य, एक भाषा’ मान्य करताना एका भाषेची सगळी माणसे एकाच राज्यात कोंबायला विरोध केला. मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व अशी महाराष्ट्राची चार राज्ये त्यांनी सुचवली. उत्तर प्रदेशाचे तीन आणि बिहारचे दोन भागही. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात हे मत अनेकदा तळटीपेत जाते. ते मुख्य मजकुरात असायला हवे.

आयोगाची शिफारस बाजूला पडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. नागपूरची राजधानी गेली. १९३६ पासूनचे नागपूरचे उच्च न्यायालय मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ झाले. एखाद्या शहराकडून राजधानीचा मान काढून घेतल्याचे असे उदाहरण स्वतंत्र भारतात विरळाच.

अनुशेष

१९८३ मध्ये राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे आणि ती तूट, म्हणजेच अनुशेष, भरायला किती पैसा लागेल, याचा हिशेब समितीने १९८४ मध्ये मांडला. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला; त्यातले १,२४६ कोटी, म्हणजे ३९ टक्के, विदर्भाचे. त्या दिवसापासून तक्रारीला आकडा मिळाला. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून पुन्हा मोजणी केली, तेव्हा एकूण अनुशेष १४ हजार कोटींवर गेला होता आणि त्यात विदर्भाचा वाटा निम्म्याच्या जवळ पोचला होता. दरम्यान निधी मिळाला नाही असे नाही. पण राज्याची सरासरी पुढे सरकत राहिली आणि विदर्भ तिला गाठू शकला नाही. डॉ. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात जिल्ह्याऐवजी तालुका हे एकक धरून नवी मांडणी केली.

सर्वांत जिव्हारी लागणारी तूट सिंचनाची. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. भूमिपूजन १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, लाभक्षेत्र भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतले सुमारे अडीच लाख हेक्टर. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला, खर्चाचा सुधारित अंदाज १८ हजार कोटींच्या पुढे गेला. पाणी अडले, गावे उठली, पण कालव्यांची कामे रखडली आणि अस्तरीकरण निकृष्ट निघाल्याने काही ठिकाणी पुन्हा करावे लागले. धरणाची भिंत दिसते त्या शिवारातला शेतकरी पावसाकडे बघत धान लावत राहिला. पश्चिमेला कापूसपट्ट्यात यवतमाळचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर झाले; २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले.

याच प्रदेशात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या केंद्र सरकारच्या कंपनीच्या) कोळसा खाणी आहेत, मॅंगनीज आहे, सुरजागडचे लोहखनिज आहे, राज्यातले बहुतांश दाट जंगल आहे. एकट्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. कोराडी, खापरखेडा आणि तिरोडा वेगळे. वीज पश्चिमेकडे जाते, राख इथे राहते, हे आंदोलकांचे म्हणणे नाकारता येण्यासारखे नाही.

आंदोलन आणि पक्ष

नाग विदर्भ आंदोलन समितीच्या बळावर बापूजी अणे १९६२ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अकोल्याला कृषी विद्यापीठ व्हावे म्हणून विदर्भ पेटला, गोळीबारात तरुण मेले आणि १९६९ मध्ये विद्यापीठ झाले. त्या आंदोलनातून पुढे आलेले जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये नागपुरातून फॉरवर्ड ब्लॉकचे खासदार झाले. लोकांनी त्यांना ‘विदर्भवीर’ म्हटले. पुढे ते इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि चळवळीची धार उतरली.

हाच प्रकार नंतर पक्षांच्या पातळीवर घडला. भारतीय जनता पक्षाने १९९७ मध्ये भुवनेश्वरला विदर्भाच्या बाजूने ठराव केला. २००० मध्ये त्याच पक्षाच्या सरकारने छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड केले. विदर्भ राहिला, कारण मित्रपक्ष शिवसेनेचा कडवा विरोध होता. २०१४ मध्ये केंद्रात आणि राज्यात सत्ता आली, तरी विधेयक आले नाही. काँग्रेसमधून वसंत साठे, एन. के. पी. साळवे यांनी उघड बाजू घेतली, पण पक्ष कधी ठाम झाला नाही. बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांना २०१६ मध्ये मराठवाड्याच्याही वेगळेपणाविषयी बोलल्यावर महाधिवक्तापद सोडावे लागले. वामनराव चटप आणि विदर्भ राज्य आंदोलन समितीने मागणी रस्त्यावर जिवंत ठेवली. १ मे हा दिवस ही मंडळी काळा दिवस पाळतात. मात्र केवळ विदर्भाच्या नावावर मते मागणाऱ्यांना मतदारांनी अलीकडे जवळ केलेले नाही, हेही तितकेच खरे.

विरोधकांचे दोन मुद्दे वजनाचे आहेत. पहिला सत्तेचा. मारोतराव कन्नमवार, अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस हे सगळे विदर्भाचे. मग अन्याय कोणी केला, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्त आहे. उत्तर इतकेच की, मुख्यमंत्री ज्या आमदारांच्या बहुमतावर टिकतो त्यातले तीन-चतुर्थांशाहून अधिक विदर्भाबाहेरचे असतात. २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ वर आल्या, लोकसभेच्या ११ वरून १०.

दुसरा मुद्दा पैशाचा. मुंबई-पुण्याच्या महसुलातून आज जो हिस्सा येतो तो थांबला, तर नवे राज्य पगार तरी देऊ शकेल का? फाजल अली आयोगाने दिलेले उत्तर १९५५चे होते, आजच्या खर्चाला ते जसेच्या तसे लागू होत नाही. समर्थक खनिजांच्या स्वामित्वधनाकडे आणि विजेकडे बोट दाखवतात. पण त्या उत्पन्नातला मोठा वाटा केंद्राच्या कंपन्यांकडे आणि करांकडे जातो. या बाजूने समर्थकांची मांडणी अजून कच्ची आहे.

भाषेचा मुद्दा त्यामानाने लवकर संपतो. १०६ हुतात्म्यांचे रक्त एकभाषिक राज्यासाठी सांडले, ही भावना मोठी आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण तेलुगू भाषकांची २०१४ पासून दोन राज्ये आहेत, हिंदी भाषकांची तर कितीतरी. त्याने भाषेचे काही बिघडलेले नाही.

डिसेंबरातले नागपूर

कराराचे सर्वांत दिसणारे रूप म्हणजे हिवाळी अधिवेशन. सिव्हिल लाइन्स रंगवून निघते, मुख्यमंत्री ‘रामगिरी’वर उतरतात, मंत्री रविभवनात, फाइलींचे गठ्ठे मुंबईहून ट्रकने येतात. यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला लोखंडी कठड्यांपाशी अडवले जातात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, धान उत्पादक, डांबरी रस्त्यावर बसून कोणी मंत्री खाली येतो का, याची वाट बघतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा असाच मोर्चा अधिवेशनावर आला होता. चेंगराचेंगरीत ११४ माणसे गेली, त्यांत बायका आणि मुले फार. झिरो माइलजवळ त्यांचे स्मारक आहे. सरकार वर्षातून एकदा जवळ येते म्हणून ही माणसे आली होती.

कराराने ‘ठरावीक काळ’ म्हटले, दिवस सांगितले नाहीत. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे हे अधिवेशन मुंबईतच झाले. २०२४ मध्ये ते १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे सहा दिवस चालले.

घटनात्मक मार्ग

नवे राज्य करण्याचा अधिकार कलम ३ नुसार संसदेचा आहे. राष्ट्रपती विधेयक संबंधित विधानसभेकडे मतासाठी पाठवतात. ते मत बंधनकारक नसते, आणि संसदेत साधे बहुमत पुरते. आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचे विधेयक फेटाळले, तरी पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केले आणि २ जूनला तेलंगणा झाले. उलट, उत्तर प्रदेश विधानसभेने २०११ मध्ये राज्याचे चार भाग करण्याचा ठराव स्वतःहून केला, आणि केंद्राने तो पुढे नेला नाही. विदर्भासाठी सरकारी विधेयक आजवर संसदेत आलेले नाही. कलम ३७१(२) खालच्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मुदतवाढ वेळेत दिली गेली नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला.