कादंबरीतले वारंवार येणारे शब्द आणि मोजणीतून गळलेले शब्द

कादंबरीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांवरून आशयसूत्र शोधायचे तर आधी कोणता शब्द कुठे कुठे येतो हे दाखवणारी शब्दसूची हवी. बायबलची तशी सूची तेराव्या शतकातच पॅरिसमध्ये तयार झाली होती. यंत्राने शब्द मोजण्याच्या आजच्या पद्धतीचा उगम मात्र १९४० च्या दशकातला. एक इटालियन जेझुइट अभ्यासक एका मध्ययुगीन धर्मचिंतकाच्या लेखनात ‘उपस्थिती’ची कल्पना शोधत होता. ती सापडली ‘आत’ अशा अर्थाच्या छोट्याशा लॅटिन अव्ययाच्या आधाराने. त्यासाठी त्याने दहा हजार कार्डे हाताने लिहिली आणि १९४९ मध्ये हे काम यंत्रावर नेण्याच्या खटपटीला लागला.

पुढच्या दशकभरात नेमके असेच शब्द बाद ठरले. दस्तऐवज शोधणाऱ्या यंत्रणांसाठी ‘वगळायच्या शब्दांची यादी’ आली. अहवाल कशाविषयी आहे हे ‘आणि’, ‘पण’ यांवरून कळत नाही, त्यामुळे तिथे तो निर्णय रास्तच होता. साहित्याभ्यासाने ती यादी उचलली, हे मात्र चुकले. एखादे पात्र प्रत्येक कबुलीनंतर ‘पण’ म्हणत असेल, तर त्याचा अपराधभाव त्या ‘पण’मध्येच असतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका इंग्रजी लेखिकेच्या कादंबऱ्यांवर १९८७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. पात्रापात्रांतला फरक अशाच शब्दांच्या प्रमाणातून मोजता येतो, हे त्याने दाखवले. मजकुराचा एक तृतीयांश ते निम्मा भाग जणू अस्तित्वातच नाही, असे धरून समीक्षा चालते, हा त्याचा आक्षेप आजही तितकाच लागू आहे.

एकत्र येणाऱ्या शब्दांचे गट यंत्रानेच पाडण्याची एक सांख्यिकी पद्धत २००३ मध्ये आली. कादंबऱ्यांवर ती चालवली की पात्रांची नावेच वर येतात, म्हणून नावेही गाळली जाऊ लागली. काही जण तर फक्त नामेच ठेवतात. गट सुबक दिसतात, पण ‘मृत्यू, रात्र, घर’ हा झाला विषय. मृत्यूबद्दल कादंबरीचे म्हणणे काय, ते क्रियापदांत आणि नकारांत असते.

मराठीत हा पेच आणखी घट्ट आहे. ‘घरात’, ‘घराला’, ‘घराबाहेर’ ही रूपे यंत्र वेगवेगळी मोजते, म्हणून प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये तोडून सगळी ‘घर’ या शब्दाखाली घालतात. मग घरात कोंडलेल्या बाईची कादंबरी आणि घराबाहेर काढलेल्या बाईची कादंबरी एकाच आकड्यावर येऊन थांबतात. आशय शोधणाऱ्याने निदान दोन सूच्या ठेवाव्यात, एक मूळ शब्दांची आणि एक प्रत्ययांसकट रूपांची. गाळलेल्या शब्दांची यादीही निष्कर्षांच्या शेजारीच छापावी.