रंग फासलेली घळ

स्वित्झर्लंडमध्ये झरमॅट गावाच्या वरच्या अंगाला गॉर्नेरा नावाची नदी आहे. हिमनदीच्या पोटातून निघते आणि गावात पोचण्याआधी एका अरुंद घळीतून आदळत-आपटत जाते. काही वर्षांपूर्वी या घळीत काही संशोधक उतरले आणि त्यांनी चक्क खडकाला रंग फासला. जागोजागी, वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या खडकांवर. मग निघून गेले. पाण्याचे लोंढे येऊन गेल्यावर परत आले आणि रंग कुठे उरलाय, कुठे उडालाय हे बघत बसले.

पाणी सगळ्याच खडकांवरून वाहिलं होतं. रंग मात्र सगळीकडचा गेला नव्हता. जे खडक प्रवाहाला तोंड देऊन उभे होते, त्यांचा रंग खरवडून निघाला होता, तोही तळाजवळ जास्त आणि वर जावं तसा कमी. त्याच खडकांच्या पाठी, म्हणजे प्रवाहाच्या आडोशाची बाजू, बऱ्याच अंशी कोऱ्या करकरीत राहिल्या होत्या. नुसत्या पाण्याने झिजवलं असतं, तर इतका पक्षपात झाला नसता. पाणी वळून मागच्या बाजूलाही जातंच. पण पाण्याबरोबर धावणारा गोटा असा चटकन वळत नाही. तो सरळ जाऊन समोरच्या खडकावर आपटतो.

आल्प्समधल्या घळींतून चालताना ही एक गोष्ट डोक्यात ठेवली तर भिंती वाचता येतात. ‘पाण्याने दगड कापला’ असं आपण सहज म्हणतो. पाणी हा नुसता हात आहे. त्या हातात छिन्नी असते ती दगडगोट्यांची.

मराठी माणसाला हे समजायला आल्प्सपर्यंत जायचीही गरज नाही. निघोजला मळगंगेच्या देवळाजवळ कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, ते याच कारागिरीचे. भोवऱ्यात अडकलेला गोटा एकाच जागी गरगरत राहतो, खालचा खडक घासत जातो, स्वतःही झिजतो. तो संपला की पुरात दुसरा येऊन पडतो. आल्प्समधल्या घळींच्या भिंतींवर, पाण्यापासून खूप उंचावर, अशा रांजणांचे अर्धे काप दिसतात. उभा चिरलेला माठ असावा तसे. म्हणजे कधीकाळी नदीचा तळ तिथे वर होता, तिथे भोवरे होते, आणि एकाखाली एक खळगे खोल होत, एकमेकांत मिसळत घळ खाली उतरत गेली. वाकून खालचं पाणी बघणारेच जास्त असतात. मान वर करून हे अर्धे रांजण शोधायला हवेत.

यात एक गंमत आहे. छिन्नी जास्त म्हणजे काम जास्त, असं वाटेल. तसं होत नाही. अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी 1877 मध्येच लिहून ठेवलं होतं, की नदीत गाळ-गोटे फार झाले तर ते तळावर पसरून बसतात आणि खालच्या खडकाचं चिलखत होतात. पुढे 2001 मध्ये लेनर्ड स्क्लार आणि विल्यम डीट्रिक यांनी हे प्रयोगशाळेत दाखवलं. खडकाची चकती तळाला बसवलेल्या भांड्यात पाणी घुसळायचं आणि त्यात थोडे थोडे गोटे वाढवत जायचं. आपल्या मिक्सरचाच भाऊबंद म्हणा. गोटे नसताना झीज जवळपास नाही. गोटे वाढवले की झीज वाढते. एका हद्दीपुढे मात्र ती उलट घटू लागते आणि तळ पुरता झाकला गेला की थांबतेच. त्यामुळे नदीला घळ कोरायची तर हातात गोटे हवेत, पण ओझं होण्याइतके नकोत. चिंचोळ्या घळीत हे जमून येतं, कारण तिथे पाण्याला वेग असतो. आलेला गोटा ठरत नाही, आपटत पुढे जातो.

आता मूळ प्रश्न. आल्प्समधल्या मोठ्या दऱ्या तर भल्या रुंद, सपाट तळाच्या, शाळेच्या भूगोलात काढायचो तशा ‘यू’ आकाराच्या. त्यांच्या मधोमध अचानक हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशी फट का?

मायरिंगेन गावाजवळची आरे नदीची घळ हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. (मुंबईच्या आरेशी संबंध नाही, नाव ऐकून दचकू नये.) घळ सुमारे 1.4 किलोमीटर लांब, काही ठिकाणी 180 मीटरच्या आसपास खोल, आणि सगळ्यात अरुंद जागी जेमतेम मीटरभर रुंद. 1888 पासून तिच्या कड्याला ठोकलेल्या फळ्यांच्या वाटेवरून माणसं चालताहेत. घळीच्या वरच्या बाजूला इनर्टकिर्खेनचं सपाट खोरं आहे, खालच्या बाजूला मायरिंगेनचं. दोन्ही इतकी सपाट की तिथे क्रिकेटची मैदानं आखावीत. आणि मध्ये, दरीला आडवा, चुनखडीचा एक कणखर उंचवटा. त्याचं नाव किर्खेट.

हिमयुगात या दरीत बर्फ भरलेला होता, तोही किलोमीटरभर जाडीचा. हिमनदी दरी कोरते, पण एकसारखी कोरत नाही. मऊ खडक सापडला की खोल खणते, कठीण लागला की त्याच्यावरून घसरून जाते. नदीला चढ चढता येत नाही. हिमनदीला येतो, कारण तिच्या पाठीवरचा वरचा बर्फ तिला रेटत असतो. म्हणून किर्खेटच्या अलीकडे खड्डा, पलीकडे खड्डा, मध्ये बांध असा प्रकार झाला. पुढचं ब्रिएंझ सरोवर अशाच खणलेल्या खड्ड्यात आहे, आजही 260 मीटर खोल. बर्फ वितळल्यावर किर्खेटच्या वरच्या खड्ड्यातही पाणी साठलं आणि नंतर ते गाळाने भरून सपाट झालं. पण आरे नदीला पलीकडे जायला बांधातूनच वाट काढावी लागली.

रुंद दरी हे बर्फाचं काम आणि फट हे पाण्याचं, इथवर सगळं सरळ आहे. घोटाळा होतो तो हिशोबाला बसल्यावर. या भागातून बर्फ हटून ढोबळमानाने 12 ते 15 हजार वर्षं झाली. 180 मीटर भागिले 12 हजार, म्हणजे वर्षाला 15 मिलिमीटर. आल्प्स आज वर उचलले जातात ते वर्षाला एक-दोन मिलिमीटर. कठीण चुनखडीत इतक्या वेगाने, अखंड, हजारो वर्षं कोरत राहणं अशक्य नसलं, तरी पचायला जड आहे.

त्यावर दोन उत्तरं दिली जातात, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. पहिलं असं, की घळ कोरायला बर्फ जाण्याची वाट पाहावी लागतच नाही. हिमनदीच्या तळाशी वितळलेलं पाणी बोगद्यांतून वाहतं, वरच्या बर्फाच्या वजनामुळे प्रचंड दाबाखाली, आणि त्यात हिमनदीने उखडलेले गोटे भरपूर असतात. हात जोरकस, छिन्नी हजर. दुसरं उत्तर डेव्हिड माँटगोमेरी आणि ऑलिव्हर कोरुप यांनी 2011 मध्ये मांडलं: बऱ्याच घळी शेवटच्या हिमयुगाच्या आधीच्या आहेत. बर्फ आला तेव्हा त्या गाळाने बुजल्या, वरून हिमनदी गेली, आणि बर्फ गेल्यावर नदीने तो गाळ उपसून जुनीच फट पुन्हा उघडली. जुनी विहीर उपसावी तशी.

किर्खेटमध्ये या दुसऱ्या गोष्टीचा पुरावा शेजारीच पडलेला आहे. त्या एकाच बांधात आजच्या घळीखेरीज जुन्या, सोडून दिलेल्या घळीही आहेत, कोरड्या, हिमनदीच्या गाळाने कमी-अधिक बुजलेल्या. दर वेळी नदीला जुनी वाट सापडलीच असं नाही. कधी तिने नवी पाडली. मला स्वतःला हे कोरडे भाऊ पाण्याने भरलेल्या घळीपेक्षा जास्त बोलके वाटतात, पण त्यांच्या दारात तिकीटखिडकी नसते.

बर्फाखालचं पाणी म्हणजे काय चीज असते, ते बघायचं तर लाउटरब्रुनेनच्या दरीत जावं. आपल्याकडच्या सहली इंटरलाकेनला उतरतात, गाडीने युंगफ्राऊयोखच्या खिंडीत जातात, बर्फात फोटो काढतात आणि परततात. त्या खिंडीच्या दक्षिणेकडचं बर्फ आलेच हिमनदीतून ऱ्होन नदीत आणि तिथून भूमध्य समुद्रात जातं. उत्तरेकडे आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या तीन शिखरांच्या अंगावरच्या हिमनद्यांचं पाणी ट्रुमेलबाख नावाच्या एकाच ओढ्यात उतरतं आणि आरे, ऱ्हाइन करत उत्तर समुद्राला मिळतं. हा ट्रुमेलबाख डोंगराच्या आतून पडतो, एकापाठोपाठ एक दहा धबधब्यांनी. उन्हाळ्यात सेकंदाला 20 हजार लिटरपर्यंत पाणी आणि वर्षाला सुमारे 20 हजार टन दगड-माती. बोगद्यात उभं राहिलं की शेजारचा माणूस काय म्हणतोय ते ऐकू येत नाही. त्याच दरीत थोडं पुढे श्टाउबबाख नावाचा ओढा समोरच्या कड्यावरून जवळजवळ 300 मीटर खाली झेपावतो आणि वाऱ्याने विस्कटून धूळ होतो. मुख्य हिमनदीने दरी खोल खणली, बाजूच्या ओढ्याची दरी वरच टांगलेली राहिली. आपण तिला लोंबती दरी म्हणतो. एकाच दरीत एका ओढ्याने उडी मारली, दुसऱ्याने डोंगर पोखरला.

जर्मन भाषेत अशा अरुंद घळीला ‘क्लाम’ म्हणतात. चिमटीत धरण्याच्या क्रियापदाशी नातं सांगणारा शब्द. बव्हेरियात गार्मिश-पार्टेनकिर्खेनजवळची पार्टनाखक्लाम सुमारे 700 मीटर लांब आणि 80 मीटर खोल आहे. तिथे खडकांचा फरक पायांखाली कळतो: मऊ थरांत दरी ऐसपैस आहे, आणि कठीण चुनखडी सुरू झाली की एकदम चिमटा. मऊ खडकात नदीने खाली कोरलं तरी बाजूचे उतार ढासळून दरी रुंद होत जाते. कठीण खडकाच्या भिंती मात्र उभ्याच्या उभ्या राहतात. आज हौसेने चालतात त्या या घळीतून अठराव्या शतकात लाकडाचे ओंडके पाण्यात सोडून खाली गावाकडे नेत. अडकलेला ओंडका सोडवायला माणसं घळीत उतरायची. वाट आधी पोटासाठी झाली, पर्यटन नंतर आलं.

पण ‘उभ्याच्या उभ्या’ म्हणजे कायमच्या नव्हे. 1 जून 1991 रोजी याच घळीत दरड कोसळून नदी अडली. तिथे आता वाट बोगद्यातून जाते. ओबर्स्टडॉर्फजवळच्या ब्राइटाखक्लाममध्ये सप्टेंबर 1995 मध्ये दरडीने धरणच बांधलं. पाणी सुमारे 30 मीटर चढलं, महिनोन्महिने तसंच राहिलं, आणि मार्च 1996 मध्ये बांध फुटून घळीतल्या वाटेची धूळधाण झाली. ऑस्ट्रियातली लिश्टेनश्टाइनक्लाम 2017 मधल्या दरडीनंतर बंद होती; 2020 मध्ये उघडली ती गोल गोल उतरणारा पोलादी जिना घेऊन. भेगेत शिरलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि पाचरीसारखं खडक उचकटतं. वसंतात बर्फ सुटलं की तो उचकटलेला तुकडा मोकळा होतो. म्हणून हंगामाआधी दोर लावून माणसं कड्यांवर लोंबकळतात आणि पहारीने सैल दगड पाडून टाकतात. अनेक घळी हिवाळ्यात बंद असतात त्याचं एक कारण हेच.

पुराचं गणित त्याहून निष्ठुर आहे. रुंद पात्रात पाणी वाढलं तर ते पसरतं. घळीत पसरायला जागा नाही, त्यामुळे ते फक्त वर चढतं, आणि पाऊस मैलभर वर पडत असेल तर खाली ऊन असतानाही चढतं. 27 जुलै 1999 रोजी इंटरलाकेनजवळच्या साक्सेटेन ओढ्यात, पाण्यातून घळ उतरण्याच्या खेळासाठी गेलेले 21 जण अशाच लोंढ्यात गेले. वर वादळी पाऊस झाला होता. आपल्याकडे सांदण दरीत पावसाळ्यात उतरू नये म्हणतात, त्यामागेही हेच गणित आहे. स्वित्झर्लंडमध्ये शिवाय वीजप्रकल्प आहेत. धरणातून पाणी सुटलं की स्वच्छ हवेतही नदी अचानक फुगते; तशा पाट्या काठावर लावलेल्या असतात आणि त्या शोभेच्या नसतात. रंग फासलेली ती गॉर्नेराही त्यातलीच. तिचं पाणी वीजप्रकल्पासाठी वळवलं जातं आणि साठलेला गाळ मधूनमधून धुऊन खाली सोडतात. संशोधकांना त्यामुळे छिन्न्यांचा पुरवठा जवळजवळ वेळापत्रकाप्रमाणे मिळाला.

तिथल्या पाट्यांची आणखी एक खोड: त्यांवर अंतर नसतं, वेळ असते. अमुक गाव दीड तास, तमुक खिंड तीन तास. पिवळी खूण म्हणजे साधी पायवाट, पांढरा-लाल-पांढरा म्हणजे डोंगरी वाट, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे हातही लागतील अशी. आपल्या गावाकडचा म्हातारा ‘हे काय, बिडी संपेस्तोवर’ म्हणतो, त्यातलाच प्रकार. फक्त स्विस बिडी घड्याळ लावून ओढतात.

हिमनदीच्या पाण्यावर चालणाऱ्या घळीत जायचंच असेल तर एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी जावं. सकाळी पाणी कमी असतं, कारण वरचं बर्फ रात्रभर थंडावलेलं असतं. दुपारच्या उन्हाने वितळलेलं पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तेव्हा रंग ताकासारखा झालेला असतो. ते दगड दळून झालेलं पीठ. आणि पाण्याच्या घोंगावण्याखाली एक दुसरा आवाज येऊ लागतो, बंद दारामागे कुणी जड पिंपं लोटत असल्यासारखा. ते तळावरून गडगडत जाणारे गोटे. एर्लेनबाख नावाच्या स्विस ओढ्यात शास्त्रज्ञ कित्येक वर्षं हेच ऐकताहेत. पात्रात आडव्या पोलादी पट्ट्या बसवल्यात, त्यांच्याखाली कंपनं टिपणारी यंत्रं. गोटा पट्टीवर आपटला की एक नोंद. पुराच्या रात्री, जेव्हा काठावर उभं राहणंही शक्य नसतं, तेव्हा ती यंत्रं टकटक मोजत बसलेली असतात.