मुलीचा हिस्सा, तोंडी वाटणी आणि मृत्युपत्र: सोलापुरातल्या घरांमागचा कायदा

सोलापुरात मालमत्तेची व्यवस्था लावायला बसलं की मृत्युपत्राच्या आधी मुलींच्या हिश्श्याचा विषय निघतो. पूर्व भागात पुढे राहत्या खोल्या आणि मागे यंत्रमागाची शेड अशी कित्येक घरं आहेत. जागा आजोबांनी घेतली, माग वडिलांनी वाढवले, आज नातू टॉवेल काढतो. उताऱ्यावर नाव अजून आजोबांचंच.

१९५६ पूर्वी मिताक्षरा या जुन्या हिंदू वारसापद्धतीत एकत्र कुटुंबातल्या पुरुषाला स्वतःचा हिस्साही मृत्युपत्रानं देता येत नसे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं ती मुभा दिली आणि विधवेला पूर्ण मालकी मिळाली. मुलगी मात्र सहदायक, म्हणजे एकत्र मालमत्तेत जन्मानं हिस्सेदार, झाली नाही. शिवाय भाऊ वेगळे होईपर्यंत राहत्या घराची वाटणी तिला मागता येत नव्हती.

महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला जन्मानं हक्क दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. म्हणजे एकाच घरात थोरलीला नाही आणि धाकटीला आहे! ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं लग्नाची अट गेली, राहत्या घराचं बंधनही गेलं.

खरा घोळ त्यानंतर झाला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत का? २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं 'हो' म्हटलं. २०१८ च्या निकालात २००१ साली वारलेल्या वडिलांच्या मुलींनाही हिस्सा मिळाला. दोन्ही निकाल एकाच न्यायालयाचे, त्यामुळे खाली कोणता लावायचा हेच कळेना. अखेर ११ ऑगस्ट २०२० ला मोठ्या पीठानं सांगितलं की हक्क जन्मानं येतो, वडिलांच्या हयातीशी त्याचा संबंध नाही. मुलीचा हक्क बाप कधी वारला त्यावर ठरावा, हे मुळातच अन्यायाचं होतं.

याच निकालातला दुसरा भाग आपल्याकडे जास्त लागू पडतो. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी शाबूत राहते. तोंडी वाटणी मात्र सहजी मानली जात नाही. तिला सरकारदरबारच्या कागदांचा भक्कम आधार लागतो. 'तुझे चार माग, माझे चार' असं चार माणसांत ठरवून वेगळ्या झालेल्या भावांची अडचण इथेच होते. मग वारसनोंदीच्या वेळी बहिणींना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावतात, आणि किती जणी ते वाचून सही करतात हा प्रश्न कुणी विचारत नाही.

सरसकट सगळ्यालाच वडिलोपार्जित म्हणायची सवयही नडते. आजोबांची स्वकष्टार्जित जागा १९५६ नंतर वारसानं वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांची स्वतःची ठरते, असं १९८६ पासून मानलं जातं. ती ते मृत्युपत्रानं हव्या त्या मुलाला किंवा मुलीला देऊ शकतात. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मात्र मृत्युपत्र फक्त त्यांच्या हिश्श्यापुरतं चालतं. मुलीच्या जन्महक्काला ते हात लावू शकत नाही.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला घेण्याची, सक्ती मुंबईत केलेल्या किंवा तिथल्या मालमत्तेच्या मृत्युपत्रांना होती. सोलापुरात करून सोलापुरातलीच जागा देणाऱ्या मृत्युपत्राला ती लागू नव्हती.