कुत्र्याची जीभ आणि मुंबईची हवा

मे महिना, संध्याकाळचे साडेपाच. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेली निम्मी माणसं रुमालाने मान पुसत होती, उरलेली पुसून पुसून कंटाळली होती. आमचा बंड्या (गावठी, वय 4, वजन 18 किलो) कट्ट्याभोवतीची एक फेरी संपवून माझ्या पायाशी आडवा झाला. हातभर जीभ बाहेर, पोटाचा भाता जोरात सुरू. शेजारचे आजोबा कौतुकाने म्हणाले, "बघा कसा हसतोय लबाड!"

लबाड हसत नव्हता. अंगातली उष्णता बाहेर टाकायची त्याची धडपड चालली होती आणि ती फारशी जमत नव्हती.

आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला येतो तो मुख्यतः पंजांच्या गादीला. उन्हातून आल्यावर लादीवर ओले ठसे उमटतात, ते त्याचेच. पण एवढ्याशा घामाने अंग काय थंड होणार? म्हणून धापणं. एरवी मिनिटाला वीस-तीस असलेले श्वास धापताना तीनशेपर्यंत जातात. हवा बहुतेक नाकातून आत जाते आणि तोंडातून बाहेर पडते. वाटेत नाकाचं ओलं अस्तर आणि जीभ यांच्यावरचं पाणी ती वाफ करून घेऊन जाते. इतक्या वेगाने छाती हलवायची तर स्नायूंनाच किती उष्णता होईल, असं वाटेल. त्यातही खुबी आहे. झोपाळ्याला नेमक्या तालात हलका धक्का दिला की तो आपसूक उंच जातो, तसा कुत्रा आपल्या छातीच्या नैसर्गिक तालात धापतो, त्यामुळे कष्ट बरेच वाचतात.

आता दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा आठवा. 1 ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता जाते. बंड्याच्या वजनाचा हिशेब केला तर त्याचं तापमान 1 अंशाने उतरवायला साधारण 26 ग्रॅम, म्हणजे पाच चमचे पाणी उडून जावं लागतं. पाच चमचे म्हणजे काही फार नाही. प्रश्न आहे तो ते पाणी घेऊन जाणाऱ्या हवेचा.

मुंबईत मेच्या दुपारी 33 अंश आणि 65 टक्के आर्द्रता असली, तर 1 घनमीटर हवेत आधीच सुमारे 23 ग्रॅम बाष्प असतं. कुत्र्याच्या अंगाच्या तापमानाला ती हवा फार तर 46 ग्रॅम बाष्प धरू शकते. म्हणजे उरली निम्मीच जागा. त्याच दिवशी नागपुरात 42 अंश आणि 15 टक्के असतील, तर हवेत जेमतेम 8-9 ग्रॅम बाष्प सापडेल. ते पाच चमचे पाणी उडवायला नागपूरच्या कुत्र्याला ढोबळमानाने 700 लिटर हवा पुरेल, तर बंड्याला 1100 लिटर लागेल. (नागपूरच्या उन्हाला यातून प्रशस्तिपत्र मिळत नाही. तिथला रस्ता आणि झळा वेगळ्या मार्गाने जीव घेतात.) "आपल्याकडे कुठे एवढं ऊन, समुद्राचा वारा आहे की," हे वाक्य मी स्वतः अनेकदा म्हटलंय. ते माणसाच्या बाबतीतही अर्धंच खरं आहे.

मग बाहेर पडायचं कधी? इथे मोबाइलवरचा आर्द्रतेचा आकडा फसवतो. पहाटे तो 85 टक्के दाखवतो आणि आपण समजतो, दुपारपेक्षा वाईट. पण 27 अंशांची हवा 85 टक्के भरली तरी तिच्यात बाष्प 22 ग्रॅमच, दुपारइतकंच. धापण्यात पहाटे विशेष फायदा नाही. फायदा आहे तो कातडीवाटे. कुत्र्याचं अंग साडेअडतीस अंशांच्या आसपास असतं. दुपारी हवेशी फरक पाच-साडेपाच अंशांचा, पहाटे साडेअकरांचा. वर ऊन नाही, खाली फरशी गार. संध्याकाळी साडेपाचला डांबर आणि कट्ट्याचा दगड दिवसभराची उष्णता परत करत असतात, म्हणून माझी ती फेरी चुकलीच. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

बसक्या नाकाच्या पगचं तर आणखी अवघड. 2003 च्या सुमारास एका मोबाइल जाहिरातीने हा कुत्रा घराघरात नेला. नाक आखूड झालं, पण आतली मऊ टाळू आणि बाकी ऐवज तेवढाच राहिला. म्हणजे हवेची वाटच दाटीवाटीची. धापण्याचं यंत्रच ज्याचं अर्धं बंद, त्याला जुहू चौपाटीवर दुपारी पळवणं हा शुद्ध अत्याचार आहे, असं माझं मत. सोसायटीवाले किंवा टॅक्सीवाले मुसकं घालायला सांगतात, तेव्हाही हेच लक्षात ठेवायचं. तोंड आवळून बंद करणारं कापडी मुसकं चालत नाही. आत जबडा उघडता येईल असं जाळीचं घ्यावं.

गाडीचं सगळ्यांना माहीत असतं, तरी "दोन मिनिटांत येतो" म्हणत लोक जातातच. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत सुमारे 11 अंशांनी तापते. काच चार बोटं खाली ठेवल्याने फार फरक पडत नाही. 33 चे 44 झाले की हवा कुत्र्याच्या अंगापेक्षा गरम. शिवाय त्याचीच वाफ आत कोंडून राहते, म्हणजे धापून धापून तो स्वतःभोवतीची मुंबई आणखी दमट करतो. तरीही 2020 मध्ये ब्रिटनमधल्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा उष्माघाताच्या सुमारे तीन चतुर्थांश घटनांचं कारण गाडी नव्हतं. पळणं, खेळणं, चालणं हे होतं. मालकाला खूश करायला कुत्रा दमल्यावरही चेंडू आणत राहतो. थांबवायचं आपण.

धापणं थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ चिकट झाली, पाय अडखळू लागले, की आधी पाणी ओतायचं, मग डॉक्टर. अंगातलं तापमान 41 च्या वर गेलं की आतडी, मूत्रपिंडं, मेंदू सगळ्यांवर घाला पडतो, आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये ती मिनिटं परवडत नाहीत. ओला टॉवेल गुंडाळू नका. तो तापून घोंगडीसारखा बसतो, आणि आपल्या हवेत तो वाळतही नाही. नळाचं पाणी सतत ओतत राहा, पंखा लावा. गार पाण्याने धक्का बसतो ही भीती तरण्या, निरोगी कुत्र्यासाठी तरी निराधार ठरली आहे.

पाऊस आला की उकाडा थोडा निवतो आणि वेगळाच ताप सुरू होतो. पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूत निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटल हे जेलीफिशसारखे डंख मारणारे समुद्री जीव वाहून येतात. मेलेल्याचाही डंख जिवंत असतो, आणि कुत्रा प्रत्येक गोष्टीची ओळख नाकाने करून घेतो. शहरात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर हा शब्द मुंबईला पाठ झाला. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातले जंतू पंजाच्या साध्या चिरेतून आत शिरतात, आणि बाधा झालेल्या कुत्र्याच्या मुतातून घरातल्यांनाही बाधू शकतात. दरवर्षी लस घ्यायची, पण ती सगळ्या प्रकारांवर चालत नाही. म्हणून जूनपासून आमच्या दाराशी एक बादली आणि जुना पंचा असतो. दारात पंजे धुवून, बोटांमधलं पाणी टिपून मगच आत. मे महिन्यात पाण्यासाठी जीव टाकणारा बंड्या त्या बादलीला बघून दोन जिने परत खाली पळतो.