४ जीबी रॅम घातली, दिसते ३.२५: ३२-बिट आणि ६४-बिटचा घोळ

जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवली की ठरलेला प्रश्न येतो: "४ जीबी घातली, पण ३.२५ जीबी युजेबल दाखवतंय. पट्टी खराब निघाली का?" पट्टी चांगली आहे. विंडोज ३२-बिट आहे. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, 'एमएसकॉन्फिग (विंडोज सुरू होण्याच्या सेटिंग्जची खिडकी) उघड आणि मॅक्सिमम मेमरीची खूण काढ.' कुणी मुद्दाम तिथे मर्यादा घातली असेल तरच त्याचा उपयोग. ३२-बिट विंडोजवर तो सल्ला देणं म्हणजे समोरच्याचा दिवस फुकट घालवणं, आणि तो मी इतक्यांदा वाचलाय की आता राहवत नाही.

रॅम आणि डिस्क यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. फोटोंनी डिस्क भरली असेल तर रॅम वाढवून जागा होणार नाही, एवढं सांगून पुढे जातो.

३२-बिट म्हणजे मेमरीचा पत्ता लिहायला ३२ घरं, दर घरात ० किंवा १. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. दर पत्त्यावर एक बाइट, म्हणजे बरोबर ४ जीबी. मग पूर्ण ४ का दिसत नाहीत? कारण हे पत्ते एकट्या रॅमचे नसतात. ग्राफिक्स, नेटवर्क कार्ड, मशीन सुरू करणारी बायोसची चिप, सगळ्यांना त्याच यादीतून पत्ते द्यावे लागतात. त्यांनी पाऊण जीबीचे पत्ते अडवले की तेवढ्या रॅमला पत्ताच उरत नाही. पट्टी जागेवर असते, तिला वीजही मिळते, पण विंडोज तिथवर पोचत नाही. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची ३२-बिट आवृत्ती पीएई नावाच्या सोयीने ४ च्या पुढची रॅम वापरू शकते, तरी एकेका प्रोग्रॅमला ४ जीबीच्या आतच राहावं लागतं. (६४-बिट विंडोजवर ३.८ च्या आसपास आकडा दिसला तर काळजी नको. ऑनबोर्ड ग्राफिक्सने आपला वाटा घेतलेला असतो.)

आता जिथे खरंच घसरायला होतं ती गोष्ट. '६४-बिट' हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंना लागतो: प्रोसेसरला आणि ऑपरेटिंग सिस्टिमला. पहिली गोष्ट मशीनबरोबर आली, ती बदलत नाही. दुसरी कुणीतरी इन्स्टॉल केली, ती बदलता येते. रॅम किती वापरली जाणार हे आधी दुसरीवर ठरतं.

माझ्या एका मित्राने ८ जीबी रॅम घेतली आणि फोनवर मला ठासून सांगितलं, "बघ, एक्स ६४ लिहिलंय, म्हणजे ६४-बिट." मी म्हटलं, ती ओळ पहिल्यापासून वाच. विंडोज १० च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट, तिथे 'सिस्टिम टाइप'. त्याने वाचली: "३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स ६४ बेस्ड प्रोसेसर." एकाच ओळीत दोन्ही वस्तू आहेत आणि मधल्या स्वल्पविरामावर कुणाचं लक्ष जात नाही. त्या ओळीचा अर्थ असा की मशीन समर्थ आहे, विंडोजने अडवलंय. रॅम परत करायची नाही, विंडोज बदलायची. ओळीत 'एक्स ८६ बेस्ड प्रोसेसर' असेल तर मात्र प्रोसेसरच ३२-बिट आहे, आणि त्यात जास्त रॅम घालायचा विचार सोडा.

इथेच दुसरी गफलत होते: ८६ हा आकडा ६४ पेक्षा मोठा, म्हणून चांगला असं अनेकांना वाटतं. हे ८६ म्हणजे बिट नव्हेत. १९७८ च्या इंटेल ८०८६ चिपवरून ते नाव आलं, आणि आज ते ३२-बिटसाठी वापरतात. सी ड्राइव्हमध्ये 'प्रोग्रॅम फाइल्स एक्स ८६' हा दुसरा फोल्डर दिसला तर तुमची विंडोज उलट ६४-बिट आहे. जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमना तिने ती वेगळी खोली दिलेली असते.

प्रोसेसरचं नाव नीट वाचा. २००६ च्या सुरुवातीचा कोअर ड्युओ ३२-बिट, त्याच वर्षी नंतर आलेला कोअर टू ड्युओ ६४-बिट. मधल्या 'टू'वर सगळा खेळ आहे. आणि तो 'टू' असूनही बोर्डाचा चिपसेट (प्रोसेसरला रॅमशी जोडणारी चिप) इंटेल ९४५ चा असेल, तर ६४-बिट सिस्टिमवरसुद्धा सव्वातीन जीबीच्या आसपासच थांबावं लागतं. अडलेल्या रॅमचे पत्ते ४ जीबीच्या वर सरकवणं त्या चिपसेटला जमत नाही.

३२ वरून ६४ वर जाताना वरच्यावर अपग्रेड होत नाही. नव्याने इन्स्टॉल करावं लागतं, म्हणून सी ड्राइव्हवरचं सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवा. विंडोज ७ किंवा १० ची प्रॉडक्ट की त्याच एडिशनच्या (होम, प्रो वगैरे) ३२ आणि ६४-बिट दोन्ही प्रकारांना चालते, वेगळी घ्यावी लागत नाही. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम, मात्र ६४-बिटचेच हवेत. जुना प्रिंटर असेल तर त्याचा ड्रायव्हर मिळतो का ते जुनी विंडोज पुसून टाकण्याआधी बघा, नंतर नव्हे.

कोणती सिस्टिम? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे आणि इतक्या जुन्या प्रोसेसरना अधिकृतपणे घेतच नाही. ४ जीबीच्या मशीनवर मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घालतो, ६४-बिट. "कमी रॅम असेल तर ३२-बिटच हलकी" हा सल्ला एकेकाळी योग्य होता, कारण ६४-बिटमध्ये पत्ते दुप्पट लांब होतात आणि थोडी रॅम जास्त लागते. पण लिनक्ससाठीचा ३२-बिट क्रोम २०१६ मध्येच बंद झाला, आणि डेबियन या लिनक्सच्या २०२५ च्या १३ व्या आवृत्तीला ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलरच नाही. ब्राउझरला सुरक्षेचे अपडेट मिळत नसतील तर त्या हलकेपणाचं करायचं काय? प्रोसेसर खरंच ३२-बिट असेल तेव्हाच अँटीएक्ससारख्या हलक्या लिनक्सची ३२-बिट आवृत्ती घाला.

पट्टी घेताना डीडीआर २ की ३ (रॅमच्या पिढ्या) एवढं बघा, खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवू नका. लॅपटॉपवर डीडीआर ३ एल लिहिलं असेल तर एलच घ्या, ती १.३५ व्होल्टवर चालते. पण हे सगळं 'सिस्टिम टाइप'ची ती ओळ पूर्ण वाचून झाल्यावर.