बुजऱ्या पिल्लाचा धीर चेपताना

कुत्र्याचं पिल्लू घरात येऊन तीन दिवस झालेत. सोफ्याखाली, भिंतीला अगदी खेटून, पोट जमिनीला टेकवून ते बसलंय. तुम्ही वाकता, लाडीगोडीने हाक मारता, हात पुढे करता. पिल्लू जागचं हलत नाही. कान मागे पडलेत. तोंड बाजूला वळलंय, पण नजर तुमच्या हातावरच आहे, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. मध्येच एकदा जीभ झटकन नाकावरून फिरते. तुमचा हात त्याच्या डोक्यावर पोचतो, ते गप्प राहतं, आणि तुम्हाला वाटतं, चला, लावू दिला एकदाचा हात.

खरं तर त्याला मागे सरकायला जागाच उरली नव्हती.

'हात लावू देणं' आणि 'पळता न येणं' यांतला फरक ओळखता आला की भित्र्या पिल्लाचं निम्मं काम झालं, असं मला अगदी मनापासून वाटतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आतून मात्र त्या इवल्याशा शरीरात फार वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात.

भीती वाटली की मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या, बदामाच्या आकाराच्या भागातून धोक्याचा इशारा सुटतो. अ‍ॅड्रिनलिन वाढतं, काळीज धडधडायला लागतं, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. लाळ आटते, पचन थांबतं. म्हणूनच घाबरलेलं पिल्लू एरवी ज्याच्यावर तुटून पडेल असा खाऊ नाकासमोर धरला तरी हुंगतसुद्धा नाही. त्याला नखरे म्हणू नका. पिल्लू खातंय की नाही, हे त्याच्या भीतीचं घरच्या घरी मिळणारं सगळ्यांत चांगलं मोजमाप आहे. हळुवार खातंय, हिसकावून खातंय की तोंडच लावत नाही, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

अ‍ॅड्रिनलिन लवकर ओसरतं, पण त्याच्या मागोमाग येणारं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जास्त वेळ रेंगाळतं. त्यामुळे भीती साचत जाते. सकाळी अंघोळ, दुपारी पाहुणे, संध्याकाळी पायाशी पडलेलं भांडं. यातलं एकेक पिल्लाने कदाचित सोसलं असतं, पण एका दिवसात तिन्ही झालं की रात्री ते कुणाच्या तरी बोटावर दात मारतं आणि घरचे म्हणतात, 'काही कारण नसताना चावलं.' कारण सकाळपासून जमा होत होतं. अशा दिवसानंतर पिल्लाला एक-दोन दिवस पूर्ण शांतता द्या. लहान पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतात. ती झोप मोडणं हाही एक ताणच.

काही पिल्लं इतकी बुजरी का असतात? याचं एक उत्तर अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत मिळालं. 1961 मध्ये फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातींची पिल्लं कुंपण घातलेल्या मोठ्या मैदानात आईसोबत वाढवली होती. अन्न-पाणी असं दिलं जाई की माणूस त्यांच्या दृष्टीस पडू नये. मग काही पिल्लांना दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात फक्त आठवडाभर माणसांच्या सहवासात आणलं आणि परत मैदानात सोडलं. मधल्या आठवड्यांत माणूस भेटलेल्या पिल्लांना तो एवढासा सहवासही पुढे पुरला. पण चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांनी माणूस पाहिलाच नव्हता, ती पिल्लं रानातल्या जनावरासारखी बिचकून पळत. त्याच प्रयोगशाळेतले जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षांच्या कामातून हाच काळ नेमका केला: साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू 'जगात आपलं कोण' हे ठरवत असतो.

या काळात जे भेटलं नाही, ते पुढे परकं वाटतं. आणि याच काळात, विशेषतः आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास, बसलेला धसका खोल रुजतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं एकाच उंच माणसाने दरडावलेलं पिल्लू पुढे प्रत्येक उंच माणसाला बिचकतं. नेमकं याच वयात आपण त्याला आई-भावंडांपासून तोडून नव्या घरी आणतो, हे लक्षात ठेवलं तर सोफ्याखालचा मुक्काम वेगळा दिसायला लागतो.

दुसरं उत्तर रक्तात आहे. 1959 पासून रशियात नोवोसिबिर्स्क इथे द्मित्री बेल्यायेव यांनी माणसाला कमीत कमी घाबरणारे कोल्हे निवडून त्यांचीच पैदास सुरू केली. पिढ्या गेल्या तसा पिल्लांमध्ये भीती जागी होण्याचा काळच पुढे सरकला. साध्या कोल्ह्याच्या पिल्लांत ती दीड महिन्याच्या सुमारास जागी होई. माणसाळलेल्या वंशात तिला दोन महिने किंवा त्याहून जास्त लागू लागले. तेव्हा बुजरेपणाचा काही भाग पिल्लू जन्मतःच घेऊन येतं. 'मागच्या मालकाने मारलं असणार' हा आपला आवडता तर्क पुष्कळदा निराधार असतो.

बारा आठवडे उलटून गेले म्हणून दार बंद झालं असं मात्र नाही. बुडापेस्टमधल्या संशोधकांनी 2001 मध्ये शेल्टरमधल्या मोठ्या कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात, एकाच माणसाने फक्त तीन वेळा, दहा-दहा मिनिटं प्रेमाने हाताळल्यावर त्या कुत्र्यांच्या वागण्यात त्या माणसाबद्दल लळ्याच्या खुणा दिसल्या होत्या. उशिरा सुरुवात केली तर वेळ जास्त लागतो, इतकंच.

आता प्रत्यक्ष काय करायचं? याचं मूळ एका लहान मुलाच्या गोष्टीत आहे. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या मुलावरच्या उपचाराची हकिगत प्रसिद्ध केली. पीटर आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत आणायचा, पण इतक्या लांब की पीटरचं खाणं थांबणार नाही. मग थोडा जवळ, आणखी थोडा जवळ. अखेर पीटर सशाला हात लावू लागला. यातली सगळी कळ अंतरात आहे. ससा एकदम जवळ आणला असता तर पीटर सशावर खूश होण्याऐवजी खाण्यालाच घाबरायला लागला असता.

पिल्लाच्या बाबतीत तो ससा म्हणजे तुम्ही. त्यामुळे आधी तुमचं अंतर शोधा. तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला असताना पिल्लू खातं का? मग आजचा मुक्काम तिथे. जमिनीवर बसा, त्याच्याकडे कूस करून. समोरासमोर तोंड करून रोखून पाहणं कुत्र्यांच्या भाषेत धमकी ठरते. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी तुम्ही दिसायचं, मग खाऊ यायचा. उलट केलंत, म्हणजे खाऊचा डबा वाजला आणि मागून तुम्ही अवतरलात, तर डबाच संकटाची वर्दी होऊन बसतो.

हातातल्या खाऊचं आमिष दाखवून पिल्लाला जवळ ओढणं बहुतेक जण करतात. मला ते पटत नाही. भूक पुढे खेचते, भीती मागे. पिल्लू मान ताणून, मागचे पाय लांबच ठेवून कसाबसा तुकडा उचलतं, आणि गिळून झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण भलत्याच जवळ आलोय. मग ते दचकून पळतं. त्यापेक्षा तुकडा पिल्लाच्या पाठीमागे, तुमच्यापासून दूर पडेल असा अलगद टाका. ते वळतं, दूर जातं, निवांत खातं. आता त्याला तोंडात चव आणि तुमच्यापासून सुटका, दोन्ही मिळालं. आणि मग ते वळून तुमच्याकडे पाहतं. पुढची दोन पावलं ते आपणहून टाकतं.

हे 'आपणहून' माझ्या मते सगळ्या उपायांचा गाभा आहे. त्यामागे विज्ञानातला एक क्लेशदायक अध्याय आहे. 1967 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके देऊन प्रयोग केले. एका गटाला डोक्याने फळी दाबून झटका थांबवता येत होता. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके बसत, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. नंतर दोन्ही गटांना बुटक्या आडोशावरून उडी मारून सुटण्याची सोय दिली, तेव्हा पहिल्या गटाने उड्या मारल्या आणि दुसऱ्यातले बरेचसे कुत्रे पडून राहिले. त्याला 'शिकलेली असहायता' असं नाव पडलं. जवळपास पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी आपला निष्कर्ष उलटा केला. असहायता शिकावी लागत नाही, सततच्या छळापुढे मेंदूचा तोच मूळ प्रतिसाद असतो. शिकावं लागतं ते 'माझ्या करण्याने फरक पडतो' हे. ते एकदा कळलं की मेंदूचा पुढचा भाग घाबरण्याच्या यंत्रणेला आवर घालतो.

हे वाचल्यावर 'कडेवर घट्ट धरून ठेवा, होईल सवय' या सल्ल्याकडे पुन्हा पाहा. धडपड थांबते, ती बऱ्याचदा सवय झाल्यामुळे नाही, आशा सुटल्यामुळे थांबते.

म्हणून छोट्या छोट्या गोष्टींत पिल्लाचा शब्द चालू द्या. ते हाताशी आलं की डोक्यावर वरून हात आणू नका, छातीपाशी किंवा मानेच्या बाजूला खालून तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. टेकून आलं, नाकाने हात ढोसला, तर पुन्हा खाजवा. तोंड वळवलं, जांभई दिली, कोरडं अंग ओल्यासारखं झटकलं किंवा नुसतं जागच्या जागी थिजलं, तर ते 'नको' आहे, आणि ते तिथेच ऐका. त्याच्या लपायच्या जागेत कुणीही हात घालायचा नाही, लहान मुलांनी तर मुळीच नाही. आणि गुरगुरण्याबद्दल कधीही रागावू नका. गुरगुर ही चावण्याआधीची सूचना आहे. ती मारून टाकली की उरतो तो थेट चावा. पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिक्षेवर भर देऊन शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताणाच्या खुणा आणि प्रशिक्षणानंतरचं कॉर्टिसॉल, दोन्ही जास्त आढळलं होतं.

'घाबरलेल्या पिल्लाला जवळ घेतलं तर भीती वाढते' हाही एक चिवट गैरसमज. भीती ही भावना आहे; धीर दिल्याने तिला बक्षीस मिळत नाही. पिल्लू दचकून तुमच्याकडे धावत आलं तर ती तुमच्या इतक्या दिवसांच्या मेहनतीची कमाई आहे. त्याला खुशाल टेकू द्या.

बरं चाललेलं असताना अचानक वाढलेल्या भीतीमागे दुखणंही असू शकतं, तेव्हा व्हेटला दाखवा. काही पिल्लांना औषधाचीही गरज पडते, आणि त्यात कमीपणा नाही.

पण काहीही न दुखता, सगळं नीट चाललेलं असतानाही, पिल्लू एखाद्या दिवशी पुन्हा सोफ्याखाली जातं. कुत्र्यांवर प्रयोग करणारे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतली एक घटना इथे आठवते. सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला पूर आला, पिंजऱ्यांत पाणी शिरलं आणि कुत्र्यांना पोहवत बाहेर काढावं लागलं. कुत्री वाचली, पण त्यांतल्या एकाच्या अंगवळणी पडलेल्या सगळ्या प्रतिक्रिया पुसल्यासारख्या झाल्या. तो खाईसुद्धा ना. प्रयोगाच्या वेळी एरवी माणूस बाहेर आणि कुत्रा आत एकटा असे. मग त्याच्यावर काम करणारे स्पेरान्स्की आत त्याच्यासोबत बसू लागले आणि हरवलेल्या प्रतिक्रिया परतू लागल्या. पुढे तर ते स्वतः नसताना त्यांचे कपडे खोलीत, कुत्र्याला दिसणार नाहीत असे ठेवले तरी तोच परिणाम होई. ओळखीचा वास पुरत होता. बऱ्याच काळाने तो पूर्ण सावरल्यावर संशोधकांनी दाराखालून पाण्याची धार खोलीत सोडली, आणि कुत्रा पुन्हा कोलमडला.

जुनी भीती पुसली जात नाही. तिच्यावर नवी, सुरक्षिततेची आठवण रचली जाते, आणि एखादा मोठा आवाज त्या थराला तडा देतो. अशा दिवशी पिल्लाला ओढून बाहेर काढू नका. ज्या अंतरावर ते शेवटचं निवांत खात होतं, तिथे जाऊन कूस करून बसा. रात्री अंगातला, न धुतलेला सदरा त्याच्या अंथरुणाशी ठेवून द्या.